लाभाचा टाका

माझ्या पिशवीला बंद नाहीत. ती खांद्याला अडकत नाही, कमरेला खोचता येत नाही आणि डोक्यावर तर मुळीच ठरत नाही. ती फक्त हातात धरायची. मुलीनं पहिल्यांदा मोबाईलवर तसल्या पिशवीचा फोटो दाखवला तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"बंद कुठं हायत हिला?"

"नसतात, आजी. हिला क्लच म्हणतात."

"मंग धरायची कशी?"

"हातात."

"आन् हातानं काय धरायचं?"

हिर्डोशीच्या वरच्या वाडीत बाईचा एक हात डोक्यावरच्या भाऱ्याला आणि दुसरा विळ्याला असतो. तिसरा असता तर त्यात आम्ही ही पिशवी नक्की धरली असती. सासूबाई म्हणाल्या, "जिला काय काम न्हाई तिची पिशवी दिसती ही." मी मनात म्हटलं, मग मला एक हवीच.

मुलगी पुण्यात भेटवस्तूंच्या टोपल्या सजवायच्या दुकानात कामाला आहे. दिवाळीला येताना तिनं तिथं उरलेल्या राफियाची एक जाडजूड जुडी आणली होती. राफिया म्हणजे कुठल्याशा परदेशी ताडाच्या पानाच्या लांब पट्ट्या. वाळल्या गवताचा रंग, वासही तसाच. सासूबाईंनी जुडी हुंगली. "पुण्यासनं वैरण आणलीस व्हय गं? हितं काय कमी व्हती?" म्हणत त्यांनी ती म्हशीपुढं धरली. म्हशीनं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा कुठं ती जुडी माझी झाली.

क्रोशा मला शाळेपासून येतो. आमच्या माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, आणि माझं शिक्षणही. पण आमच्या बाई मधल्या सुट्टीत विणत बसायच्या आणि दाराशी घुटमळणाऱ्या दोन-तीन मुलींना त्यांनी शिकवलं. सुई मोडक्या छत्रीच्या काडीची. मी कधी काही बोलत नसे, त्यामुळे माझी वीण पटापट व्हायची. फक्त माझा गोल रुमाल कधी सपाट बसला नाही. कडेला त्याला झालर फुटायची. बाई म्हणायच्या, "ह्या रुमालाला परकर व्हायचंय." चूक कुठं होते ते त्यांना कळलं नाही, आणि मला कळत होतं पण ती चूक वाटत नव्हती.

ते असं होतं. माझ्या माहेरी खळ्यावर भात मोजतात तेव्हा पहिल्या पायलीला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. ती पायली देवाची आणि पाखरांची, ती मोजणीत धरायची नाही. लाभ झाला की मग एक, दोन, तीन. मी आईच्या पदराला धरून मोजायला शिकले ती अशी. त्यामुळे पुढं मी जे जे मोजलं, अंडी, गवऱ्या, पायऱ्या, त्यात आधी लाभ. विणताना ओळ सुरू करायची तर आधी लाभाचा एक टाका, आणि मग खालच्या प्रत्येक टाक्यात एक. न घालता पुढं गेले तर मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

लग्न होऊन हिर्डोशीला आले. पहिल्याच सुगीत सासऱ्यांनी मोजणी माझ्याकडं दिली, चौथी शिकलेली सून म्हणून. मी हळू आवाजात मोजलं, लाभ, एक, दोन, आणि एकोणीस सांगितले. सासूबाईंनी संध्याकाळी पुन्हा माप घेतलं तर वीस भरल्या. ह्या घरात लाभ म्हणजेच एक. माहेरी आणि सासरी एका पायलीचा फरक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात एक पायली जास्त निघाली तर माणूस खूश होईल, पण सासूबाई तीन दिवस धुसफुसत होत्या. कमी भरलं असतं तर चोर शोधता आला असता, जास्तीचं काय करायचं! "आसं कसं माप गं तुज्या माहेरचं," त्या म्हणाल्या, "देवाला निराळं आन् माणसाला निराळं!" त्यानंतर मला खळ्यावर कुणी मोजायला बसवलं नाही. मी मात्र मनातल्या मनात माझंच माप धरून राहिले. मनातलं कोण मोजतंय?

तर पिशवी. राफियाला छत्रीची काडी पुरेना. आमच्या ह्यांनी बांबूची जाड सुई तासून दिली आणि टोकाला आकडा केला. "काय करणारेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पिशवी." "बंद?" "नाहीत." ते पुढं काही बोलले नाहीत. आमचं लग्न असंच टिकलंय.

राफिया कोरडा असला की तडकतो. तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, नाचणीला मोड आणायला ठेवतो तसा. मग तो मऊ होतो आणि सुईवरून सरकताना बारीक कुरकुरतो. मुलीनं फोनवर सांगितलं, तीस साखळ्या घाल, त्यावर खांबाच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, सोळा ओळी, मग त्या लांब पट्टीच्या तीन घड्या. खालच्या दोन घड्या शिवल्या की पोट, वरची घडी ते झाकण. भात झोडून झालेलं होतं, दुपारी तासभर मोकळा मिळायचा. मी लाभ घातला, त्यावर तीस साखळ्या घातल्या. प्रत्येक ओळीला लाभ घातला. ओळ संपली की पट्टी उलटायची, म्हणजे लाभ एकदा ह्या कडेला, एकदा त्या कडेला. सोळा ओळी झाल्या तेव्हा पट्टीचं सूप झालं होतं, खाली अरुंद, वर रुंद. तळाला एकतीस टाके, वर सत्तेचाळीस.

घड्या घातल्या तर झाकण पोटापेक्षा रुंद. दोन्ही बाजूंनी खाली उतरलेलं, डोक्यावरून पदर घेऊन बाई खाली बघत बसावी तसं. मी फोटो पाठवला. मुलीचा लगेच फोन.

"आई, हे चुकलंय."

"बरं."

"पण उसवू नकोस. मैत्रिणीला दाखवलं, ती म्हणते कुठल्या दुकानातली?"

मी पिशवी कोनाड्यात ठेवली. दिवसातून दोन-तीनदा तिथं काही ना काही काम निघायचं माझं.

आता जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. मोठी जाऊ आणि आम्ही एकाच घरात राहतो, आणि लग्न झाल्यापासून माझं बोलणं त्याच बोलतात. दवाखान्यात डॉक्टर मला विचारतात, "कुठं दुखतंय?" आणि जाऊबाई सांगतात, "तिच्या पाठीत." बहुतेक वेळा बरोबर असतं. एसटीत माझं तिकीट त्या मागतात, बांगड्या भरताना माझा रंग त्या सांगतात. एकदा माझ्या भावाशी माझं भांडणही त्यांनीच केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मला माणसांपुढं तोंड उघडायचं म्हटलं की टाळूला जीभ चिकटते. जाऊबाईंच्या तोंडात दोघींना पुरून उरेल एवढी जागा आहे.

त्या आठवड्यात जाऊबाई बचत गटाच्या बैठकीला भोरला निघाल्या. जाता जाता कोनाड्यातून पिशवी उचलली. "मोबाईल ठेवायला नेती गं!" एसटीचा आवाज आला होता, त्या धावत सुटल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं निऱ्या धरलेल्या. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "बघ, म्हटलं व्हतं का न्हाई! आता यष्टीत दांडीला कशानं धरंल?"

संध्याकाळी जाऊबाई परत आल्या त्या गप्प. हातपाय धुतले, गप्प. मी चहा दिला, तरी गप्प. मला वाटलं, पिशवी हरवली. पण पिशवी मांडीवरच होती. मग त्या म्हणाल्या, "धाकटे, एक घोटाळा झालाय."

"काय?"

"तितं शिकवणाऱ्या मॅडमनी पिशवी बघितली. लई आवडली त्यास्नी. म्हणल्या, कुणी केली? आन् म्या म्हटलं, म्या."

मी भांडं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"आगं, तुज्याबद्दलचं समदं म्याच सांगती न्हवं का! त्या सवयीनं तोंडातनं निघून गेलं. मंग समद्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर मागं कसं फिरायचं?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "आता गुरुवारी मॅडम हितं येणार. करताना बगणार. आन् मंग नसरापूरला आठ दिस बायकांना शिकवायला नेणार."

मला म्हणायचं होतं, खरं सांगून टाका. माझ्या तोंडून आलं, "बरं."

"तू तर मॅडमपुढं तोंड उघडणार न्हाईस. व्हय का न्हाई?"

मी मान हलवली.

"मंग मला शिकव. तीन दिस हायत."

त्या दिवशी माझ्या दोन भाकरी तव्यावर करपल्या. मला बोलायचं नव्हतं हे खरंच. पण ती पिशवी माझी आहे, एवढं एक वाक्य कुणीतरी म्हणावं, असं फार फार वाटलं. मी सोडून कुणीही म्हणावं.

दुसऱ्या दिवशी पडवीत शिकवणी सुरू झाली. जाऊबाईंच्या हाताला जनावरांची दावी वळायची सवय. त्यांनी घातलेला टाका इतका आवळलेला की त्यात परत सुई शिरेना. सुई शिरली नाही की त्या सुईला शिव्या द्यायच्या आणि शिरली की मला म्हणायच्या, "बघ, कसं जमलं!" मी त्यांचे हात धरून सैल करायचे. त्यांच्या साखळ्या मोजून व्हायच्या नाहीत, कारण बारापर्यंत आल्या की त्यांना बैठकीत कोण काय म्हणालं ते आठवायचं आणि पुन्हा एकपासून. मला माणसाला शिकवता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. हातानं शिकवायचं असलं की तोंडाची फारशी गरज पडत नाही.

पण जाऊबाई 'एक'पासून मोजत होत्या. लाभ नाही. ओळीच्या सुरुवातीला जास्तीचा टाका नाही. हे मला पहिल्याच ओळीला दिसलं. लाभ म्हणायला माझी जीभ टाळूला लागली आणि तशीच खाली आली. गप्प बसण्याबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत. म्हटलं, एकदा तरी त्याचा काही उपयोग करून घ्यावा.

बाकी सगळं मी खरं खरं शिकवलं. फडकं किती ओलं ठेवायचं, तुटलेल्या पट्टीला नवी कशी जोडायची, टोक आत कसं लपवायचं. एका टाक्याबद्दल तेवढी गप्प राहिले.

गुरुवारी मॅडम आल्या. गाडी खालच्या रस्त्याला ठेवून चढून आल्या आणि बराच वेळ नुसत्या पाणी प्यायल्या. वाडीतल्या झाडून साऱ्या बायका आमच्या पडवीत. जाऊबाई मधोमध चटईवर, नवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. मी आत, कणगीच्या आड, चहाच्या भांड्याशी. तिथून फटीतून सगळं दिसायचं.

जाऊबाईंनी तीन दिवसांत पट्टी बरीच आणली होती. शेवटच्या दोन ओळी त्यांनी सगळ्यांपुढं विणल्या, आणि विणताना बोलल्याही, सुई कशी धरायची, राफिया कसा भिजवायचा. चांगलं बोलल्या. मलाही नवीन काही कळलं. मग मॅडमनी ती पट्टी घेतली, घड्या घातल्या, आणि माझ्या पिशवीशेजारी ठेवली.

माझी पदर घेऊन बसलेली. जाऊबाईंची विटेसारखी सरळ, चारी कोपरे ताठ.

"अहो, पण ही तर वेगळी झाली," मॅडम म्हणाल्या. "ह्या पहिल्या पिशवीचं झाकण कसं उतरलंय दोन्हीकडं. मला तेच तर आवडलं होतं. ते कसं केलंत?"

जाऊबाईंनी माझ्या फटीकडं पाहिलं. मी चहात साखर घालत होते. दुसऱ्यांदा.

"ती वली हाय अजून," जाऊबाई म्हणाल्या. "वाळली की फाकती."

"हो का! मग वाळू द्या की. मला घाई नाही."

पट्टी अंगणात उन्हाला टाकली. चहा झाला, दुसरा चुलीवर चढला. सगळ्या बायका दारात उभ्या राहून तिच्याकडं बघत होत्या, दुधाकडं उतू जातंय का बघावं तसं. शेजारीण म्हणाली, "रोज सकाळच्याला वाईच पानी घाला, वैनी. पंधरा दिसांत वाढंल." दुसरी म्हणाली, "शेण घाला थोडं." हशा पिकला. जाऊबाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. गजऱ्यातली दोन फुलं खाली पडली होती, त्यांना कळलं नव्हतं. माझी गंमत तिथंच विरली. मला भावाशी केलेलं ते भांडण आठवलं. बाहेर जावं आणि सांगावं असं वाटलं. सांगायचं ते शब्दही तयार झाले. पण पाय कणगीशी आणि जीभ टाळूशी.

पट्टी कडकडीत वाळली. वीट ती वीटच राहिली.

इतका वेळ सासूबाई खांबाला टेकून तपकीर ओढत होत्या. त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं." माझी पिशवी मांडीवर घेतली आणि तळाच्या कडेवरून अंगठ्याचं नख एकेक टाका पुढं सरकवायला लागल्या. त्या विसांवर मोजतात. ओठ हलत होते. मग थांबल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"एक ईस," त्या म्हणाल्या, "आन् धा. आन् वर एक."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे एकतीस. पण ह्यांनी तर तीस सांगितले."

सासूबाईंनी नख वरच्या ओळीच्या टोकाला नेलं, तिच्या वरच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दर ओळीला एक. त्यांचा चेहरा असा झाला, जणू वीस वर्षांपूर्वी हरवलेली बकरी दारात येऊन उभी राहिली.

"हे माप ह्या घरचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ही पायली म्या वळखती. हे धाकटीचं माप हाय. लगीन होऊन आली तवापासनं हिचा लाभ निराळा. वीस पायल्यांचं एकोणीस सांगितलं व्हतं मला! आजून सुदरली न्हाई."

मॅडमना काही कळेना. सासूबाईंनी खळ्यावरची सगळी हकीकत सांगितली, तीन दिवसांच्या धुसफुशीसकट, आणि शेवटी पिशवी उंच धरून म्हणाल्या, "ही पिशवी धाकटीची."

सांगितलं कुणीतरी. आणि मी सोडूनच.

"धाकटी कुठंय पण?" मॅडमनी विचारलं. साऱ्या पडवीनं कणगीकडं पाहिलं. लपण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी गाळणं हातात घेऊनच बाहेर आले.

जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आगं, तीन दिस माज्यापुढं बसलीस. ह्यो लाभ सांगितला का न्हाईस?"

एवढ्या माणसांत मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जाऊबाई देत नव्हत्या, असं पहिल्यांदाच झालं होतं, कारण विचारणाऱ्या त्याच होत्या. गाळण्यातून चहाचे थेंब माझ्या पायावर पडत होते.

"तुमी इचारलं न्हाईत," मी म्हणाले.

मग जाऊबाईच आधी हसल्या, इतक्या की त्यांना खाली बसावं लागलं. "बोलली! आवो मॅडम, बोलली बगा ही! आन् पयल्यांदा बोलली ती माझंच नाक कापायला!" मग डोळे पुसून त्या मॅडमकडं वळल्या. "तिला काय म्हणायचंय सांगती तुमाला. ती म्हणती, म्या खोटं बोलले तर माझी खोड मोडाय पायजे व्हती." मी एवढं काही म्हटलं नव्हतं. पण नेहमीसारखंच, बरोबर होतं.

नसरापूरला आम्ही दोघी गेलो. हायवेच्या बाजूला दुकानावरच्या खोलीत शिकवणी होती. जाऊबाई उभ्या राहून बोलायच्या आणि मी बसून विणायचे. ओळ सुरू झाली की त्या थांबायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "आता धाकटी लाभ घालती, तिच्या हाताकडं बगा." सगळ्या माना माझ्या हाताकडं वळायच्या. हाताकडं बघितलेलं मला चालतं. तिसऱ्या दिवसापासून त्या बायकाही लाभ, एक, दोन असं मोजायला लागल्या, आणि एकीच्या नवऱ्यानं म्हणे विचारलं की दळणाचे डबे मोजताना हे 'लाभ' काय नवीन.

परत आलो तर सासूबाईंचा हुकूम तयार. त्यांनाही पिशवी पाहिजे होती, तपकिरीची डबी ठेवायला. "पर माज्या पिशवीला बंद लाव. आन् माप ह्या घरचं. लाभ आतच धरायचा, तुज्या माहेरचं काय घालू नगंस."

मी तसंच केलं. लाभ म्हणजेच एक धरून तीस घातले, एकही टाका जास्त नाही, आणि गळ्यात अडकवायला लांब बंद लावला. हात दुखत होता, कारण प्रत्येक ओळीला सवयीनं घातलेला टाका उसवायला लागायचा. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि नख लावून मोजली.

"एक ईस आन् धा," त्या म्हणाल्या. "बरुबर."

मग पिशवी उलटी केली, सुलटी केली, झाकण उघडलं, मिटलं, डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं.

"पर पदर कुठं हाय हिचा?"